घाईनं विकाल, तर हळहळ उरेल
जुनी गाडी, जुनी अवजारं आणि नोएडात राहणाऱ्या मराठी घरांसाठी काही पक्क्या सूचना

1 जुलै 2025 पासून दिल्लीच्या पेट्रोल पंपांवर मुदत संपलेल्या गाड्यांना इंधन मिळणार नाही, असा आदेश निघाला आणि त्याआधीच्या काही आठवड्यांत दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या सगळ्या पट्ट्यात जुन्या गाड्यांची अक्षरशः लयलूट झाली. 84 लाखांना घेतलेली मर्सिडीज अडीच लाखांना विकल्याची बातमी तेव्हा सगळीकडे झळकली होती. पुढे काय झालं? आदेश लागू झाल्यावर काही दिवसांतच तो पुढे ढकलावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा गाड्यांच्या मालकांवर केवळ वयावरून कारवाई करू नका, असं सांगितलं. तोवर ज्यांनी गाड्या विकल्या होत्या, त्यांच्या हातात फक्त पावती उरली होती.

जुनी वस्तू विकल्याचा पश्चात्ताप बहुतेकांना होतो, पण तो विकल्याचा कमी आणि घाईचा जास्त असतो. बदली झाली, पॅकर्सवाले सोमवारी येणार, वडील गेल्यावर घर रिकामं करायचं, सोसायटीनं पार्किंगची नोटीस लावली, कुणीतरी म्हणालं की आता गाडीला काहीच भाव राहणार नाही. अशा वेळी माणूस समोर येईल त्या पहिल्या गिऱ्हाइकाला वस्तू देऊन मोकळा होतो आणि मग वर्षानुवर्षं चुटपुट लावून घेतो. विकू नका असं सांगण्यासाठी हा लेख नाही. विकावं लागलं, तर ते कसं विकावं म्हणजे मागे रुखरुख राहणार नाही, एवढंच सांगायचं आहे.

आधी नियम काय आहे ते पाहा

नोएडा गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात येतं आणि हा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा भाग आहे. त्यामुळे डिझेल गाडीला 10 वर्षं आणि पेट्रोल गाडीला 15 वर्षं ही मर्यादा इथेही आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे याबाबतचे आदेश 2014 आणि 2015 सालचे, आणि सर्वोच्च न्यायालयानं 29 ऑक्टोबर 2018 ला ते उचलून धरले. ऑगस्ट 2025 मध्ये मिळालेला दिलासा सरसकट होता, पण 17 डिसेंबर 2025 ला न्यायालयानं तो प्रदूषणाच्या बीएस-4 मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता केला. बीएस-3 आणि त्याआधीच्या मुदतबाह्य गाड्यांवर कारवाई होऊ शकते.

म्हणून पहिलं काम हे, की आरसी काढा आणि गाडी कोणत्या मानकाची आहे ते वाचा. राजधानी क्षेत्रात कारसाठी बीएस-4 एप्रिल 2010 पासून आलं, त्यामुळे 2009 ची कार आणि 2011 ची कार यांची गत वेगळी आहे. दुचाकींत बीएस-4 सरसकट झालं ते 1 एप्रिल 2017 ला. म्हणजे 2010 ची कार घेणारा कदाचित निश्चिंत असेल, पण त्याच वर्षी घेतलेली त्याच घरातली स्कूटर मात्र बीएस-3 असणार. शेजाऱ्याच्या गाडीला जो नियम लागला, तोच आपल्याला लागेल असं धरून चालू नका. शिवाय हे आदेश गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत. विकण्याच्या आठवड्यात परिवहनच्या पोर्टलवर आणि नोएडाच्या आरटीओ कार्यालयात ताजी स्थिती विचारून घ्या. दलालाच्या तोंडून नियम ऐकू नका, कारण आपण घाबरण्यात त्याचा फायदा असतो.

चालवणं आणि भंगार यांच्या मधल्या वाटा

गाडी इथे चालवता येत नाही, म्हणजे ती लगेच भंगारात घालावी लागते, असा बहुतेकांचा समज असतो. मध्ये निदान तीन वाटा आहेत.

एक, गावी पाठवणं. पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरण करण्याची सोय मोटार वाहन कायद्यात आहे. महाराष्ट्रात ती वापरता येते, तिथे पर्यावरण कर मात्र भरावा लागतो. त्यासाठी इथल्या आरटीओकडून फॉर्म 28 वर ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचं, थकलेली चलनं भरायची, बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवायचा आणि तिकडे जाऊन एमएच नंबर घ्यायचा. हे सगळं गाडीची मुदत संपण्याच्या आत केलं तर सोपं जातं, नंतर पायऱ्या झिजवाव्या लागतात. मुदत संपायला सहा महिने असतानाच कामाला लागा. साताऱ्याला धाकटा भाऊ किंवा अमरावतीला मेहुणे गाडी सांभाळायला तयार आहेत का, हे आधी विचारा. नुसतं ‘हो, पाठव की’ पुरत नाही. तिथे छप्पर आहे का, आठवड्यातून एकदा गाडी चालू कोण करणार, कर आणि विम्याचा खर्च कुणाचा, हे बोलून घेतलेलं बरं.

मुदत उलटलेली गाडी स्वतः चालवत नेऊ नका, ट्रकवर चढवा. दुचाकी रेल्वेच्या पार्सलनं जाते. निझामुद्दीन किंवा नवी दिल्ली स्थानकाच्या पार्सल ऑफिसात आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि गोणपाटात बांधणी करून द्यावी लागते. आरसे आणि इंडिकेटर आधीच काढून पिशवीत स्वतःसोबत न्या, प्रवासात तेच आधी तुटतात.

दोन, विंटेज म्हणून नोंद. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी असेल तर 2021 च्या नियमांनुसार तिची विंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीला 20 हजार आणि पुढच्या नूतनीकरणाला 5 हजार रुपये शुल्क आहे, मुदत 10 वर्षांची. अशी गाडी रोज भाजी आणायला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. बजाज चेतक 1972 साली आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली, म्हणजे पहिल्या चेतकनी पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. आजोबांची सुरुवातीची चेतक किंवा कुर्ल्याची जुनी प्रीमियर घरात असेल, तर ती विकण्याआधी तिचं वय मोजा.

तीन, संग्रहालय किंवा संग्राहक. गुरुग्रामपासून जवळ ताउडू इथे हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, 2013 पासून. दिल्लीत स्टेट्समनची जुन्या मोटारींची रॅली 1964 पासून भरते. अशा ठिकाणी जुन्या गाड्यांची खरी किंमत जाणणारी माणसं भेटतात. त्यांना विचारल्याशिवाय दुर्मीळ गाडी कार बाजारातल्या दुकानदाराला देऊ नका.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण बोलकं आहे. होंडा सिटी भारतात पहिल्यांदा आली ती 1998 साली, ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून. देवूची मॅटिझ सूरजपूरची. देवू केव्हाच गेली, होंडानंही ग्रेटर नोएडातलं उत्पादन 2020 च्या अखेरीला थांबवलं. ज्या जिल्ह्यात या गाड्या घडल्या, तिथेच त्यांतल्या जुन्या आता फिरवता येत नाहीत. तिकडे मुंबईत 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदलेली शेवटची काळीपिवळी पद्मिनी वीस वर्षं भरून 2023 मध्ये थांबली, तेव्हा निदान एक तरी टॅक्सी जतन करा, अशी मागणी टॅक्सीचालकांनी आणि रसिकांनी केली. सर्रास दिसणारी गाडी दुर्मीळ कधी झाली, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. तुमची गाडी आज सामान्य असेल, तरी तिच्या सुट्या भागांची आणि चांगल्या अवस्थेतल्या नमुन्यांची चौकशी करूनच भाव ठरवा.

भाव ठरवताना

आपल्या वस्तूची किंमत आपल्याला नेहमीच जास्त वाटते. काहनेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी 1990 साली साध्या कॉफीच्या मगावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्यांना मग दिला होता, त्यांनी तो विकायला जी किंमत मागितली, ती घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या जवळपास दुप्पट होती. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. तर वीस वर्षं अंगाखांद्यावर वागवलेल्या गाडीचं काय होत असेल!

यावर उपाय असा. तीन वेगवेगळ्या ठिकाणी भाव विचारा आणि वहीत दोन आकडे वेगळे लिहा. एक बाजारभाव, दुसरा ‘इतक्याच्या खाली मी देणार नाही’ हा आपला आकडा. दोन्हींत फार अंतर असेल, तर वस्तू विकायची आपली मनाची तयारी नाही, हे समजून घ्या. आपल्या आकड्यापेक्षा कमी पैशांत विकायचीच वेळ आली, तर परक्यापेक्षा ओळखीच्या, जपणाऱ्या माणसाला द्या. पाच हजार कमी आले तरी चालतील, पण गाडी कुठे आहे ते कळत राहतं.

भंगारात द्यायचं ठरलं, तर फक्त नोंदणीकृत केंद्रातच द्या. नोएडाच्या सेक्टर 80 मध्ये मारुती सुझुकी आणि टोयोटा त्सुशो यांचं केंद्र नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झालं, वर्षाला 24 हजार गाड्या मोडण्याची त्याची क्षमता सांगितली गेली होती. ग्रेटर नोएडात महिंद्र आणि सरकारी एमएसटीसीचं ‘सेरो’ त्याआधीपासून आहे. इथून ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं. त्यावर नवी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होतं आणि खासगी गाडीच्या रस्ताकरात राज्यानुसार 25 टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. गल्लीतल्या कबाडीनं दोन हजार जास्त देऊ केले, तरी त्याच्याकडून हे प्रमाणपत्र मिळत नाही आणि गाडी कागदावर तुमच्याच नावावर जिवंत राहते.

सगळ्यात महाग पडणारा पश्चात्ताप कागदाचा

आठवणींची हळहळ काळानं ओसरते, पण अर्धवट कागदांची शिक्षा दहा वर्षांनीही भोगावी लागते. 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की गाडी कितीही हातांतून गेली असली तरी आरसीवर ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. आणि 10 नोव्हेंबर 2025 ला लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला, तेव्हा त्या कारचा माग काढत तपास यंत्रणा आधी जुन्या मालकांपर्यंत पोचल्या. राजधानी क्षेत्रात राहणाऱ्याला याहून वेगळा इशारा नको.

तेव्हा गाडी देताना पुढचं सगळं करा:

- फॉर्म 29 आणि 30 भरा. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका. घेणाऱ्याच्या आधार आणि पॅनची प्रत स्वतःजवळ ठेवा.
- गाडीचा ताबा दिल्याची चिठ्ठी करा. तीत तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या हव्यात. वेळ लिहायला विसरू नका, त्या संध्याकाळी काही घडलं तर तोच पुरावा.
- राज्यातल्या राज्यात विकली तर 14 दिवसांत आणि परराज्यात विकली तर 45 दिवसांत आरटीओला कळवणं विकणाऱ्याचीही जबाबदारी आहे.
- डीलरला देत असाल, तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का पाहा आणि फॉर्म 29सी भरून घ्या. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरवर जाते.
- फास्टॅग बंद करा. विम्याचा नो-क्लेम बोनस तुमचा आहे, गाडीचा नाही. त्याचं प्रमाणपत्र विमा कंपनीकडून मागून घ्या, नव्या गाडीला ते लावता येतं.
- महिन्याभरानं एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून नाव बदललं का ते पाहा. बदललं नसेल तर आरटीओत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी ती वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म 31 असतो, मृत्यूची खबर 30 दिवसांत आणि अर्ज तीन महिन्यांत द्यायचा. भावंडांची लेखी संमती घेऊन ठेवा. गाडी पन्नास हजारांची असते, पण ‘मला न विचारता बाबांची गाडी विकली’ हे वाक्य पुढे प्रत्येक लग्नकार्यात ऐकावं लागतं.

अवजारांची गोष्ट निराळी

गाडीला जागा लागते, कर लागतो, तिला कायदा लागू होतो. अवजारांचं तसं काहीच नाही, आणि तरीही विकून सर्वांत जास्त पस्तावायला होतं ते अवजारांबद्दल. कारण सोपं आहे. अवजारं किलोवर जातात. रंधा, पटाशा, गुण्या, गिरमिट, कानशी, पाने, हातोड्या सगळं एका गोणीत भरून भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं आणि मिळालेले पैसे दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत. पुढे घरातला दरवाजा पावसाळ्यात फुगतो, तो घासायला सुतार बोलवावा लागतो, आणि तो नेमका रंधाच घेऊन येतो.

गोणी भरण्याआधी एकेक वस्तू हातात घ्या. जुन्या रंध्याची पाचर सैल करून पातं बाहेर काढा. वर गंज दिसला, तरी धारेजवळचं पोलाद बहुतेक वेळा शाबूत असतं. रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशनं घासलं आणि सहाणेवर पाणी टाकून धार लावली, की ते लाकडाची कागदासारखी सलग साल काढतं. धार लागत असेल, दांडा फुटलेला नसेल आणि बनवणाऱ्याचा ठसा वाचता येत असेल, तर ती वस्तू भंगार नाही. पान्याचं तोंड फाकलं असेल, कानशीचे दात गुळगुळीत झाले असतील किंवा हातोडीच्या डोक्याच्या कडा उडाल्या असतील, तर मात्र खुशाल जाऊ द्या. फुटक्या हातोडीचा तुकडा डोळ्यात जातो, तिथे भावनेला जागा नाही.

मग तीन ढीग करा. घरात वर्षातून एकदा तरी लागणारी अवजारं एका पत्र्याच्या पेटीत ठेवा. नोएडातल्या टू-बीएचकेतही पलंगाखाली तेवढी जागा निघते. लागत नाहीत पण घरातल्या जुन्या माणसाच्या हाताची आहेत, अशी दोन-तीनच निवडा. आणि उरलेली शिकणाऱ्याला द्या: आयटीआयला, सोसायटीतल्या प्लंबरच्या मुलाला, गावच्या सुताराला. मोठा व्हाइस, ऐरण, पायाची शिलाई मशीन अशा जड वस्तू पॅकर्सच्या हिशेबात न बसवता वेगळ्या पार्सलनं पाठवल्या तर स्वस्त पडतं का, तेही विचारून पाहा. बदली कुठून कुठे का असेना, कबाडीला हाक मारण्याआधी दिल्लीच्या जीबी रोडवर एक फेरी मारा. तळमजल्यावरची हत्यारांची आणि यंत्रांची दुकानं पाहिली, की नव्या दर्जेदार अवजाराची किंमत कळते आणि आपल्याकडच्या जुन्याची योग्यताही.

ठेवलेल्या अवजारांना इथल्या पावसाळ्यात गंज चढतो. जूनच्या अखेरीला मशीन ऑइलचा हात फिरवा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

विचार करायला दिवस ठरवून घ्या

नोएडाच्या कारखान्यांत 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होते, आपल्या घरी खंडेनवमीला अवजारं मांडतात आणि दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार चढतो. त्याच दिवशी वर्षाचा आढावा घ्या. या वर्षी काय वापरलं, काय नाही, कशाचे कागद संपत आलेत, काय द्यायला हरकत नाही. सणाला सगळे घरात असतात, निर्णय सगळ्यांसमोर होतो. आणि घरातलं माणूस गेलं असेल, तर वर्षश्राद्ध होईपर्यंत त्याची अवजारं आणि गाडी यांना हात लावू नका. कायदेशीर कागद मात्र वेळेतच करा. दुःखात रिकामं केलेलं कपाट पुन्हा भरता येत नाही.

द्यायचं ठरलं, तर आधी फोटो काढा. वॉलपेपरसारखे नकोत, जवळून हवेत: किलोमीटरचा आकडा, झिजलेला ब्रेक पॅडल, डिकीतला डाग, रंध्याच्या मुठीवरची झीज. अमेरिकेच्या पेन स्टेट विद्यापीठात वसतिगृहाच्या विद्यार्थ्यांना मायेच्या वस्तू दान करण्याआधी त्यांचे फोटो काढायला सांगितले, तेव्हा दान जास्त झालं. 2017 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वस्तू गेली तरी तिच्याशी जोडलेली आठवण आपल्याकडे राहते, एवढी खात्री माणसाला पुरते. सोबत घरातल्या थोरांना बोलतं करून गाडीची हकिगत फोनवर रेकॉर्ड करा. एक किल्ली, कंपनीचं पुस्तक किंवा पहिली पावती ठेवून घ्यायची असेल, तर सौदा करतानाच घेणाऱ्याला सांगा.

आधीच विकून बसला असाल तर

नंबर आठवत असेल, तर एमपरिवहनवर टाकून पाहा. मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, पण नोंदणी चालू आहे का, कोणत्या आरटीओत आहे, एवढं कळतं. ज्याला विकली त्याला फोन करून पुढे कुणाला दिली ते विचारा. माणसं सांगतात. परत विकत घ्यायची असेल, तर आधी ती कुठे ठेवणार आणि कुणाच्या नावावर करणार, हे ठरवा, नाहीतर तीच अडचण पुन्हा उभी राहील. गाडी मोडीत निघाली असेल, तर तसलीच दुसरी शोधत फिरू नका. तिच्यात तुमच्या मुलाला शाळेत सोडल्याच्या खुणा नसतात, फक्त दुरुस्तीचा खर्च असतो.

शेवटी एकच विनंती. या आठवड्यात घरातल्या प्रत्येक गाडीची आरसी काढून नोंदणीची अखेरची तारीख पाहा, डिझेल असेल तर दहा वर्षं कधी भरतात ते मोजा आणि कॅलेंडरवर त्याआधी सहा महिन्यांची खूण करा. ती खूण असेल, तर विकायचं की ठेवायचं हे तुम्ही ठरवाल. नसेल, तर दुसरं कुणी तरी ठरवेल.